फुगलेल्या जुन्या टॅटूची नीट तपासणी: नौपाड्यातील एका त्वचारोग चिकित्सालयाविषयी

ठाण्यात टॅटू काढून देणारी दुकाने आता स्टेशनच्या परिसरापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत पसरली आहेत आणि तो पुसून देणारी लेझर केंद्रेही त्यांच्या पाठोपाठ आली आहेत. पण वर्षानुवर्षे शांत असलेला टॅटू एकाएकी उंच होऊ लागला आणि त्याला खाज सुटू लागली, तर कोणाकडे जावे हे चटकन कळत नाही. गोखले रस्त्यापासून थोडे आत असलेल्या एका त्वचारोग चिकित्सालयात मी याच तक्रारीसाठी गेले होते आणि तेथे मिळालेल्या सेवेविषयी हे लिहीत आहे. चिकित्सालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्या गोष्टींमुळे ही सेवा मला उत्तम वाटली, त्या कोणत्याही पात्र त्वचारोगतज्ज्ञाकडून अपेक्षिता येतात आणि रुग्णाने त्या आवर्जून मागाव्यात, असे मला मनापासून वाटते.

माझ्या डाव्या मनगटाच्या वरच्या बाजूला लाल पाकळ्यांचे कमळ आहे. त्याची बाह्यरेषा आणि पाने काळ्या शाईची आहेत. पाकळ्या बोटाला जाणवण्याइतक्या जाड झाल्या, त्यांवर बारीक कोंडा दिसू लागला आणि रात्री खाजेने झोपमोड होऊ लागली. काळ्या रेषा मात्र पूर्वीसारख्याच सपाट होत्या. औषधाच्या दुकानात विचारल्यावर स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमाची ट्यूब पुढे करण्यात आली. ठाण्यातीलच एका लेझर केंद्राने तर हात न पाहताच, फोनवर, अनेक बैठकांचे सवलतीचे पॅकेज सांगितले. त्वचेत काय घडते आहे, हा प्रश्न या दोन्ही ठिकाणी कोणी विचारलाच नाही.

चिकित्सालयातील डॉक्टरांनी सुरुवात याच प्रश्नापासून केली. टॅटू अधूनमधून फुगतो आणि आपोआप बसतो, की फुगलेलाच राहतो, हे त्यांनी आधी विचारले. हा फरक किती महत्त्वाचा आहे, हे मला तेथेच कळले. सुईने शाई भरताना त्वचेला हजारो बारीक जखमा होतात. टॅटू काढणाऱ्याचा हात जड असेल तर रेषांखाली व्रणाची ऊती कायमची राहते. उकाडा, दमटपणा, घाम, व्यायाम, गरम पाण्याची आंघोळ किंवा जोरात खाजवणे यांमुळे त्या भागातील रक्तप्रवाह वाढतो, हिस्टामिन हे खाज आणि सूज आणणारे रसायन बाहेर पडते आणि रेषा काही तास उठून दिसतात. ठाण्याच्या हवेत हे अनेकांना अनुभवास येते. थोड्या वेळात सूज उतरत असेल आणि त्वचा पुन्हा मऊ होत असेल, तर सहसा चिंतेचे कारण नसते. पण फुगवटा आठवडेच्या आठवडे टिकत असेल, एकाच रंगापुरता असेल किंवा त्यात घट्ट गाठी लागत असतील, तर कारण वेगळे असते आणि ते शोधावेच लागते.

त्यानंतर त्यांनी डर्मोस्कोप नावाच्या भिंगाच्या उपकरणाने प्रत्येक पाकळी पाहिली, बोटाने दाबून जाडी अजमावली आणि काळा भागही तितक्याच काळजीने तपासला. टॅटूच्या गडद रंगाखाली एखादा तीळ दडलेला असू शकतो आणि त्यात होणारा बदल लपून राहतो, म्हणून काळा भाग वगळायचा नसतो, असे त्यांनी सांगितले. तपासता तपासता त्या जे समजावून सांगत होत्या, ते मी आजवर कोणाकडूनही इतक्या स्पष्टपणे ऐकले नव्हते. आपण पाहतो ती बाह्यत्वचा सतत झडत आणि नव्याने तयार होत असते. शाई तेथे थांबली असती तर काही आठवड्यांत निघून गेली असती. ती थांबते खालच्या थरात, पृष्ठभागापासून साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. शरीर तिला परकी वस्तू मानते आणि मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी रंगाचे कण गिळून बसतात. त्या पेशी मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी तेच कण पुन्हा गिळतात. २०१८ मध्ये मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून ही देवाणघेवाण दाखवून दिली. काही कण लसिकावाहिन्यांतून, म्हणजे ऊतींमधील द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांतून, काखेतील किंवा मानेतील लसिकाग्रंथींपर्यंतही पोहोचतात. म्हणजे टॅटू कितीही जुना असला तरी रोगप्रतिकारक यंत्रणेचा त्याच्याशी असलेला संबंध कधीच संपत नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो आयुष्यभर शांततेचा राहतो, काहींच्या बाबतीत मध्येच बिघडतो.

तो बिघडण्यात लाल रंगाचा वाटा सर्वांत मोठा असतो. पूर्वी लाल शाईत पाऱ्याचे संयुग, म्हणजे हिंगूळ, वापरले जाई. आज प्रामुख्याने ॲझो वर्गातील आणि इतर सेंद्रिय रंगद्रव्ये असतात. सूर्यप्रकाशाने आणि शरीरातील प्रक्रियांनी ही रंगद्रव्ये हळूहळू विघटित होतात आणि त्यांतून तयार होणारी नवी रसायने ॲलर्जीला कारणीभूत ठरू शकतात. मूळ शाईशी शरीराने जुळवून घेतले असले, तरी वर्षांनंतर तयार झालेल्या या पदार्थांशी ते जुळवून घेईलच असे नाही. त्यामुळेच त्रास काही आठवड्यांत सुरू होतो, तसाच तो दहा-वीस वर्षांनीही सुरू होऊ शकतो. याच कारणाने पाठीवर रसायनांच्या पट्ट्या चिकटवून केली जाणारी पॅच चाचणी लाल टॅटूच्या बाबतीत अनेकदा काहीच दाखवत नाही, आणि म्हणून डॉक्टरांनी मला त्या चाचणीचा खर्च करू दिला नाही. ही गोष्ट मी या सेवेच्या बाजूने ठळकपणे नोंदवते. पिवळ्या शाईत कॅडमियमचे संयुग असेल तर उन्हात गेल्यावर तेवढाच भाग सुजू शकतो, हेही त्यांनी बोलता बोलता सांगितले. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध आणले आहेत, पण ज्यांच्या अंगावर आधीच्या शाया आहेत त्यांना त्याचा उपयोग नाही.

माझ्या शेजारी प्रतीक्षेत कळव्याच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही हातांवर जत्रेत काढलेले हिरवट गोंदण होते आणि ते इतक्या वर्षांनीही कागदासारखे सपाट होते. आत गेल्यावर मी डॉक्टरांना त्याविषयी विचारले. जुने गोंदण बहुधा काजळीचे असते आणि कार्बनची ॲलर्जी क्वचितच होते, असे त्या म्हणाल्या. मात्र काळ्या रेषांमध्ये कठीण गाठी आल्या तर त्यांच्याकडे लाल रंगापेक्षाही जास्त लक्ष द्यायला हवे, हे त्यांनी लगेच जोडले.

त्याचे कारण त्यांच्या पुढच्या प्रश्नांतून उलगडले. खोकला आहे का, दम लागतो का, डोळे लाल होऊन दुखतात का, सांधे सुजतात का, घरात कोणाला क्षयरोग झाला होता का, अलीकडे कोणते नवे औषध सुरू झाले का, असे त्यांनी एकेक करून विचारले. टॅटूचे आणि खोकल्याचे काय नाते, असे प्रथम वाटते. पण सारकॉइडोसिस नावाचा एक आजार आहे, ज्यात फुप्फुसे, डोळे, त्वचा अशा अनेक ठिकाणी दाहक पेशींचे गोळे तयार होतात आणि त्याची पहिली खूण कधी कधी जुन्या टॅटूतच उमटते. आपल्याकडे क्षयरोग सर्रास आढळतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही आजार सारखे दिसू शकतात, त्यामुळे येथे घाईने निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. सोरायसिस आणि लायकेन प्लॅनस हे आजारही त्वचेला पूर्वी जखम झालेल्या जागी, म्हणजे टॅटूच्या रेषांवर, उमटतात. आपल्या वर्णाच्या त्वचेत व्रण जाड होण्याची, केलॉइड बनण्याची प्रवृत्तीही अधिक असते. एवढ्या निरनिराळ्या शक्यता असताना केवळ नजरेने पाहून उपचार ठरवता येत नाहीत.

बायोप्सीचा निर्णय त्यामुळे मला पटला. भुलीचे इंजेक्शन क्षणभर झोंबले, त्यानंतर फक्त दाब जाणवला. पंच नावाच्या गोल पात्याने साधारण चार मिलिमीटरचा तुकडा काढून बाटलीत ठेवला गेला आणि एक टाका घालण्यात आला. नमुना सर्वांत जाड पाकळीतून घ्यायचा, कडेच्या काळ्या रेषेला धक्का लावायचा नाही आणि टाका कमळाच्या रेघेत लपेल असा घालायचा, इतका विचार त्यांनी केला. चिकित्सालयाचे शुल्क आणि प्रयोगशाळेचा वेगळा खर्च, दोन्ही आधी कागदावर लिहून दिले गेले आणि प्रत्यक्ष बिल त्याहून वाढले नाही. अहवालात लाल रंगाभोवती लायकेनॉइड प्रकारचा दाह आढळला, म्हणजे लाल टॅटूच्या ॲलर्जीत नेहमी दिसणारे चित्र. दाहक पेशींचे गोळे नव्हते आणि जंतूंसाठी केलेली विशेष रंजन चाचणीही नकारात्मक आली. अहवाल नुसता हातात न देता डॉक्टरांनी तो ओळीओळीने वाचून दाखवला.

उपचार म्हणून थेट पाकळ्यांत ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचे सौम्य मात्रेतील इंजेक्शन, ठरावीक काळापुरते मलम आणि रात्रीसाठी अँटिहिस्टामिन गोळी देण्यात आली. इंजेक्शनने त्वचा पातळ होऊ शकते आणि भोवतीचा रंग फिकट पडू शकतो, हे आधीच स्पष्ट सांगितले गेले. औषधाच्या दुकानातील त्रिमिश्र मलमाविषयी त्या फार गंभीरपणे बोलल्या. स्टिरॉइड असलेल्या अनेक मलमांचा केंद्र सरकारने २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये समावेश केला, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरीही ती मागताच मिळतात आणि त्यामुळे दबलेला पण न बरा झालेला नायटा घेऊन येणाऱ्या रुग्णांची आमच्याकडे रीघ असते, असे त्यांनी सांगितले.

लेझरविषयीचा त्यांचा सल्ला मला या संपूर्ण भेटीतील सर्वांत मोलाचा वाटतो. टॅटू पुसण्याचे क्यू-स्विच्ड लेझर रंगाच्या कणांचे बारीक तुकडे करते, जेणेकरून शरीर ते वाहून नेईल. ज्या रंगाची ॲलर्जी झाली आहे तोच रंग असा फुटून रक्तात आणि लसिकेत पसरला, तर पित्त उठण्यापासून सर्वांगावर पुरळ आणि क्वचित श्वास अडकण्यापर्यंत तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. फोनवरून विकले जाणारे पॅकेज मी घेतले असते तर माझ्या बाबतीत नेमका हाच धोका होता. इंजेक्शनांनी पुरेसा आराम पडला नाही तर लाल भाग शस्त्रक्रियेने काढणे हा त्यांनी सुचवलेला पर्याय आहे, पण त्याची घाई त्यांनी केली नाही.

सेवेतील उणिवाही सांगायला हव्यात. वेळ ठरवून गेल्यावरही बरेच थांबावे लागते, कारण डॉक्टर प्रत्येक रुग्णाला भरपूर वेळ देतात आणि नोंदणी करणारे त्या हिशेबाने वेळा देत नाहीत. चिकित्सालय पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि गुडघे दुखणाऱ्यांना जिना अवघड जातो. नौपाड्यात गाडी लावायला जागा मिळणे कठीण, तेव्हा ठाणे स्टेशनवरून चालत किंवा रिक्षाने येणे बरे. ऐरोली, घणसोली, वाशीकडून येणाऱ्यांना ट्रान्स-हार्बर मार्गाची गाडी सोयीची आहे. बायोप्सीचे संमतिपत्र केवळ इंग्रजीत आहे, ही मला सर्वांत मोठी त्रुटी वाटते. प्रतीक्षेत शेजारी बसलेल्या त्या आजींना कोणत्या कागदावर सही करायची ते नातवाने वाचून दाखवले. नातू सोबत नसेल तर काय, हा प्रश्न मी स्वागतकक्षात विचारला आणि मराठी संमतिपत्र तयार करू, असे मला सांगण्यात आले.

येथे किंवा अन्य त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना टॅटू फुगलेला असतानाची आणि बसलेला असतानाची, अशी दोन्ही छायाचित्रे सोबत न्यावीत; डॉक्टरांना माझ्या छायाचित्रांचा खरोखर उपयोग झाला. टॅटू काढणाऱ्याकडे शाईचे नाव मिळाले तर तेही न्यावे. घेत असलेल्या सर्व औषधांची आणि केसांच्या कलपाने कधी त्रास झाला असेल तर त्याची नोंद करावी, कारण काळ्या मेंदीतील आणि कलपातील पीपीडी हे रसायन वेगळ्या प्रकारची ॲलर्जी घडवते. ताप, पू, झपाट्याने पसरणारा लालसरपणा किंवा चेहऱ्यावर सूज असेल तर मात्र वेळ ठरवण्याची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. माझ्या पाकळ्या आता बऱ्याच बसल्या आहेत, रात्रीची खाज थांबली आहे. मधली पाकळी अजून जाड आहे आणि तिच्यासाठी पुढचे इंजेक्शन ठरले आहे.