अकरा महिने, एक बोन्साय आणि रंकाळ्यातला संध्यामठ

गेल्या जूनमध्ये मला पन्नास पूर्ण झाली. पुण्यात शिकणारी मुलगी त्या दिवशी घरी आली ती हातात एक काळं खोकं घेऊनच. वर झाडाचं चित्र, कोपऱ्यात १८+ असं छापलेलं. उघडलं तर आत प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पिशव्यांत ठोकळे. लेगोचं बोन्साय, ८७८ तुकडे. आई सोप्यात बसली होती, ती म्हणाली, "आता हे खेळायचं वय हाय व्हय तुझं?" मुलगी म्हणाली, "आजी, मोठ्यांसाठीच आहे, वाच की वर." आईला वाचता येतं, तिने वाचलं आणि गप्प बसली.

त्याला आता अकरा महिने झाले. एवढे पैसे मोठ्या माणसानं ठोकळ्यांवर घालावेत का, असं मला निदान आठ-दहा जणांनी विचारलंय. त्यांना तोंडी जे सांगतो ते इथं सविस्तर लिहितो.

आधी मी कोण ते सांगायला हवं, कारण माझं मत त्यातून आलंय. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नचं काम करतो. पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना. वडील सुतार होते. फौंड्रीसाठी सागवानी पॅटर्न करायचे, पंप आणि व्हॉल्व्हच्या बॉडीचे. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. ओतलेलं बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून आमची मापाची पट्टीच तेवढी मोठी असते. साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून बाजूंना टेपर, म्हणजे किंचित उतार, द्यावा लागतो. सव्वीस वर्षं हेच हिशेब डोक्यात. त्यामुळे पहिला ठोकळा हातात आल्यावर झाड बाजूला राहिलं आणि मी वर्निअर, म्हणजे बारीक मापाचा कॅलिपर, काढला.

दोन बाय चारचा साधा ठोकळा. लांबी ३१.८ मिलिमीटर, रुंदी १५.८. म्हणजे ८ मिलिमीटरच्या घराचा हिशेब, आणि शेजारच्याला घासू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दशांश-दशांश सोडलेला. उंची ९.६. वरच्या गोल उंचवट्यांना आम्ही घरात बटणं म्हणतो, त्यांचा व्यास ४.८. पातळ प्लेट ३.२, म्हणजे तीन प्लेटी मिळून एक ठोकळा. पुढची गंमत मला तिसऱ्या दिवशी कळली. पाच प्लेटी एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात, आणि दोन बटणांची रुंदीही १६. म्हणजे काम आडवं करून बसवलं तरी माप जुळतं! ज्यानं हे आकडे ठरवले त्यानं पुढच्या किती गोष्टींचा विचार आधीच केला असेल. मी त्या रात्री जेवताना हे घरात सगळ्यांना समजावून सांगितलं.

ठोकळ्याच्या आत, पोटात, बारीक आकडे आहेत. साचा कुठला आणि साच्यातलं घर कुठलं, त्याचा नंबर. आमच्या कास्टिंगवरही नंबर उठवलेला असतो, जॉब फेल गेला तर मागं जाऊन शोधता यावं म्हणून. तो नंबर दिसल्यावर मला ही वस्तू एकदम ओळखीची वाटायला लागली.

हे काढणारा माणूसही सुतारच होता. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा ओले कर्क क्रिस्टियानसेन, १९३२ पासून लाकडी खेळणी करायचा. 'लेग गोट', म्हणजे छान खेळ, यावरून लेगो. प्लॅस्टिकचं मशीन त्यानं १९४६ मध्ये घेतलं. सुरुवातीचे ठोकळे आतून पोकळ होते, त्यामुळे पकड कमी. खालच्या पोकळीत नळ्या बसवायची कल्पना आली आणि तिचं पेटंट २८ जानेवारी १९५८ ला दाखल झालं. खालच्या ठोकळ्याची बटणं वरच्या ठोकळ्याच्या नळ्या आणि भिंती यांच्यात दाबून बसतात, त्या अडकण्यातच सगळी पकड आहे. त्याच वर्षी ओले कर्क वारला. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजून बसतो. आमच्या धंद्यात दहा वर्षांपूर्वीचा कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचा गाभा काढायचा साचा) आजच्या पॅटर्नला जुळला तरी आम्ही चहा पाजतो.

आता बोन्सायबद्दल. मला नऊ संध्याकाळी लागल्या. जुलैचे दिवस होते, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळीच्या जवळ जायला लागलं की कोल्हापुरातला माणूस दर दोन तासांनी मोबाइल बघतो, ४३ ला धोका. २०१९ ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. त्या रात्री झोप लागायची नाही. मी टेबलावर परात घ्यायचा, परातीत तुकडे, आणि पुस्तिकेतलं एक-एक पान पुढं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. दोन तास गेलेले कळायचे नाहीत. पाण्याची काळजी तिथंच होती, पण हाताला काम होतं.

या झाडाला दोन रूपं देता येतात, हिरवी पानं किंवा गुलाबी फुलं. गुलाबी फुलांच्या ताटव्यात जे बारीक तुकडे आहेत ते जवळून बघा, ते बेडूक आहेत! शंभर गुलाबी बेडूक. दुसऱ्याच खेळण्यासाठी केलेला साचा, रंग बदलून इथं फुलं म्हणून वापरलाय. एका पॅटर्नमधून दुसरा जॉब काढणं म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्याला यातला आनंद कळेल. आईला दाखवलं तर तिने एक बेडूक उचलून तळहातावर ठेवला आणि बराच वेळ बघत राहिली. त्यानंतर ती रोज संध्याकाळी माझ्यासोबत बसायला लागली. तांदूळ निवडतात तसे सुपात ठोकळे घेऊन रंग वेगळे करायची. तिचं वय चौऱ्याहत्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण काळा आणि गडद तपकिरी यातला फरक तिला माझ्याआधी कळायचा. ट्यूबलाइटच्या उजेडात मला ते दोन रंग सारखेच दिसतात. चाळिशी लागलेल्यांनी खिडकीजवळ किंवा पांढऱ्या टेबललॅम्पखाली बसावं.

दहाव्या दिवशी तयार झाड कपाटावर ठेवलं आणि मला एकदम रिकामं वाटलं. पुस्तिकेवरचं काम पुस्तिकेबरोबर संपतं, हे मला तेव्हा समजलं. म्हणून मी स्वतःच्या पैशानं लेगोचाच सुट्या ठोकळ्यांचा मोठा डबा घेतला, ७९० तुकड्यांचा. माझा खरा अनुभव या डब्यापासून सुरू होतो.

डबा समोर ओतला आणि अर्धा तास काही सुचेना. मग हात आपोआप दिवाळीच्या किल्ल्याकडं गेले. लहानपणी आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत आम्ही लाल माती, फुटक्या विटा, गोणपाट यांचा पन्हाळा करायचो. वर हळीव पेरायचं, मावळे गंगावेशीतून आणायचे. तो किल्ला दिवाळी झाली की पावलांखाली जायचा आणि त्याचं कुणाला दुःख नसायचं, पुढच्या वर्षी पुन्हा करायचाच होता. त्यानंतर मी आयुष्यभर फक्त ड्रॉइंगप्रमाणे केलं. ग्राहकाचं ड्रॉइंग, त्याचं माप, त्याची तारीख. केलेली वस्तू कुठल्या पंपात जाऊन बसते ते मला कधी दिसत नाही. त्या रात्री मी लाल-पिवळ्या-निळ्या ठोकळ्यांचा एक वेडावाकडा बुरूज केला आणि लगेच मोडला. दुसरा केला. तोही मोडला. पॅटर्नमध्ये एक खाच चुकली तर लाकूड जातं, दिवस जातो, बोलणी खावी लागतात. इथं चूक सुटी करून परत डब्यात टाकायची. पंचविसेक वर्षांनी मी चुकायला घाबरलो नाही.

सहा ठोकळ्यांचं गणित इथं सांगतो, कारण डबा लहान वाटतो असं लोक म्हणतात. एकाच रंगाचे दोन बाय चारचे दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात. सहा ठोकळे घेतले तर ९१,५१,०३,७६५ प्रकार होतात. आपल्याला एक आयुष्य पुरणार नाही, एवढं घेऊन ७९० तुकड्यांकडं बघा.

मध्ये एक चूक केली. राखाडी ठोकळे जास्त हवे होते, म्हणून बाजारातून एक स्वस्त डबा आणला. नाव लिहीत नाही. ठोकळ्याच्या आकाराची पेटंटं केव्हाच संपलीत, युरोपच्या न्यायालयानं २०१० मध्ये या आकारावर ट्रेडमार्कही नाकारला, त्यामुळे असे ठोकळे करणं गैर नाही, आणि काही जण चांगलेही करत असतील. मी आणलेला डबा चांगला नव्हता. वीस ठोकळे एकावर एक रचले. वरचं बटण सोडून हिशेबानं १९२ मिलिमीटर यायला हवेत. लेगोचा खांब सरळ उभा राहिला. दुसरा खांब जवळजवळ मिलिमीटरभर उंच आला आणि एका बाजूला कलला. बटणांवर मायक्रोमीटर लावला तर एकाच डब्यातली दोन बटणं सारखी नाहीत. काही ठोकळे पडायचे, काही सुटायचेच नाहीत. पकड ना सैल हवी ना फार घट्ट. एका लहान मुलाच्या बोटांनी सुटावी आणि उलटं धरलं तरी पडू नये, एवढ्या बारीक जागेत ती बसवावी लागते. पैसे कशाचे द्यायचे ते मला त्या दिवशी कळलं. तो डबा आता वर्कशॉपमध्ये कच्ची मांडणी करायला वापरतो.

पैशांचं म्हणाल तर हा छंद महाग आहे, आणि ते मला मनापासून खटकतं. आयात खेळण्यांवरची ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७० टक्के. ज्या घरात मुलाला सायकल घ्यायला दोनदा विचार करावा लागतो तिथं मी कुणाला 'घ्याच' म्हणणार नाही. पण घ्यायचंच ठरलं असेल तर माझं स्पष्ट मत आहे: आधी सुटा डबा घ्या, मोठ्यांसाठीचा देखणा सेट नंतर. सेटमधून युक्त्या शिकायला मिळतात, आडवी जोडणी कशी करायची, गोलाई कशी आणायची, हे मला बोन्सायनंच शिकवलं. पण सेट कपाटावर जाऊन बसतो. डबा रोज टेबलावर असतो.

अकरा महिन्यांत ठोकळ्यांना काही झालेलं नाही. एकही तडकला नाही, पकड तशीच आहे. धूळ मात्र बसते, उद्यमनगरच्या हवेत जास्तच. रंगाचा मऊ ब्रश चालतो. एबीएस प्लॅस्टिक आहे, उन्हात ठेवलं की पांढरा पिवळा पडतो, म्हणून खिडकीत मांडू नका. पातळ प्लेटी एकमेकींना चिकटल्या की नखं दुखतात, त्यासाठी पटाशीसारखा एक नारिंगी तुकडा मिळतो, तो जवळ ठेवा. दातानं काढू नका, मी एकदा काढली आणि तिच्यावर दाताची खूण कायमची राहिली.

आता संध्यामठ. रंकाळा तलावावर फिरायला जाणाऱ्या प्रत्येकानं तो पाहिलाय. दगडी खांब, वर दगडी तुळया, सपाट छत, आणि पावसाळ्यात खालचा भाग पाण्यात. कमानी नाहीत, सगळं उभं-आडवं, म्हणजे ठोकळ्यांसाठीच बांधल्यासारखं. दिवाळीनंतर मी त्याचा चार खांबांचा एक कोपरा करायला घेतला. प्रमाण शोधताना मला आणखी एक आकडा सापडला: एका ठोकळ्याची उंची म्हणजे एक फूट धरलं, तर एक प्लेट म्हणजे बरोबर चार इंच. पट्टी तयारच होती. मुलीनं कॉम्प्युटरवर फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आधी मांडून दाखवलं, पण मला कागदावरचे चौकोनच बरे वाटतात. राखाडी ठोकळे सुटे विकणाऱ्यांकडून थोडे-थोडे मागवले. पहिला खांब चार वेळा मोडला. तुळई दोन खांबांच्या मध्ये वाकायची, म्हणून आतून प्लेटींचे सांधे एकाआड एक फिरवले, गवंडी विटांचे सांधे फिरवतात तसे. छत बसलं त्या रात्री आईनं सुपातून एक गुलाबी बेडूक काढला आणि पायरीवर ठेवला. तो तिथंच आहे.

पाण्यासाठी पारदर्शक निळ्या प्लेटी वापरल्यात, खांबांच्या भोवती थर देऊन. ऑक्टोबरात मी मठाजवळच्या एका पायरीवर खडूनं खूण केली होती, ती पुसली जाते म्हणून आता शेजारच्या दगडाची फट लक्षात ठेवलीय. आठवडी सुट्टीला सकाळी फिरायला जातो, तिथून किती उतरलंय ते बघतो आणि घरी येऊन तेवढे थर काढतो. चार इंचाला एक प्लेट. मे महिना आहे, गेल्या आठवड्यात दोन काढल्या. काढलेल्या प्लेटी आई एका स्टीलच्या डब्यात ठेवते, जूनमध्ये परत लागतील म्हणून.