आउटबोर्डच्या फ्युएल पंपाचं किट: नुसता डायफ्राम नको, पूर्ण संच घ्या

माझं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, १५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आहे. त्याचा फ्युएल पंप गळायला लागला म्हणून इंजिन बनवणाऱ्या कंपनीचंच रिपेअर किट मागवलं. त्यात डायफ्राम (पंपातला लवचीक पडदा), गॅस्केट (थरांमधलं गळती रोखणारं पातळ पान) आणि दोन्ही चेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे पेट्रोल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपांच्या, पट्ट्या आल्या. किट उत्तम आहे आणि बिनधास्त घ्यावं. तक्रारी दोनच, त्या पुढे सांगतो.

आधी गळती नक्की कुठून होते ते बघा, कारण बऱ्याचदा पंप निर्दोष असतो आणि नळीची क्लिप ढिली असते. कव्हर काढून पंप कोरडा पुसला, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपरची पट्टी दाबून धरली आणि टाकीकडून येणाऱ्या नळीवरचा, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबला. नळ्यांच्या तोंडाशी कागद कोरडा राहिला. पंपाच्या थरांच्या खालच्या कोपऱ्याशी मात्र बोटाच्या नखाएवढा डाग उमटला आणि बघता बघता पसरला. म्हणजे गेलं होतं ते गॅस्केट किंवा डायफ्रामची कड.

या पंपाला मोटर नाही, वायर नाही. क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यातला, दाब प्रत्येक फेऱ्याला वरखाली होतो, त्याच्या धक्क्याने डायफ्राम हलतो आणि पेट्रोल पुढे सरकतं. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर डायफ्रामही मिनिटाला ५००० वेळा हलतो. त्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. माझा डायफ्राम उजेडात धरला तर कडेला बारीक चिरा दिसत होत्या आणि बोटाने वाकवल्यावर तो परत सरळ होत नव्हता. बाहेरची गळती निदान दिसते तरी. डायफ्राम मधोमध फाटला तर पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये ओढलं जातं; प्लग ओले होतात, धूर वाढतो आणि माणूस उगाच कार्ब्युरेटर उघडत बसतो.

बाजारात सुटा डायफ्रामही मिळतो, स्वस्त पडतो. माझं मत त्याच्या विरोधात आहे. पंप एकदा उघडला की व्हॉल्व्हच्या पट्ट्या बदलायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या नीट बसत नसतील तर नवा डायफ्रामसुद्धा काही करू शकत नाही. माझ्या एका पट्टीचं टोक वर उचललेलं होतं. पूर्ण थ्रॉटलला इंजिन दम सोडायचं आणि फुगा हाताने दाबला की पुन्हा ओढ घ्यायचं, त्याचं कारण हेच असणार, कारण पट्ट्या बदलल्यावर तो त्रास गेला. तुमचं इंजिन असं करत असेल तर पंपाकडे, नाहीतर टाकीकडून येणाऱ्या नळीत कुठे हवा शिरते का तिकडे बघा.

आता तक्रारी. किटमध्ये थर कुठल्या क्रमाने बसवायचे याचं चित्र नाही. कंपनीने एवढं तरी द्यायला हवं होतं, कारण गॅस्केट उलटं बसलं तर एखादं भोक बुजतं आणि पंप कामच करत नाही. उघडण्याआधी पंपाच्या कडेवर तिरकी रेघ ओढा आणि प्रत्येक थराचा फोटो काढा. दुसरं, स्क्रू नवे दिलेले नाहीत. समुद्राच्या पाण्यात चालणाऱ्या इंजिनाचे स्क्रू धरून बसतात, घाई केली तर डोकं झिजतं. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा आणि खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर वापरा.

मापाला मात्र नाव ठेवायला जागा नाही. सगळी भोकं तंतोतंत जुळली, कुठे ताणावं लागलं नाही. सीलंट अजिबात लावू नका. त्याचा सुटलेला कण व्हॉल्व्हखाली अडकला की संपलं. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा, मुठीने नाही, बोटांच्या जोराने. पंपाचं अंग वाकलं असेल तर कुठलंही गॅस्केट टिकणार नाही, म्हणून ते सपाट काचेवर ठेवून डगमगतं का बघा. माझं सपाट होतं.

काम उघड्यावर, थंड इंजिनावर, बॅटरी सोडवून करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि तिथे एक ठिणगी पुरते. जोडून झाल्यावर फुगा पुन्हा कडक दाबला, नव्या टिश्यूच्या पट्ट्या लावल्या आणि बराच वेळ तशाच ठेवल्या. सगळ्या कोरड्या. त्यानंतरच कव्हर लावलं.

फोर-स्ट्रोकवाल्यांनी हे किट घेऊ नये. त्यांच्या लहान इंजिनांत पंप बहुधा कॅमशाफ्टवर चालतो, त्याचे भाग वेगळे. त्यांनी डिपस्टिक काढून तेलाला पेट्रोलचा वास येतो का आणि पातळी वाढली आहे का ते तपासावं. वास आला तर पंप दुरुस्त करून तेल बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका.