एसी लावला की गाडी गरम : दुरुस्तीनंतर आठ महिन्यांचा अनुभव

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, रनिंग ९६ हजार, आणि मी राहतो अकोल्यात. इथे मे महिन्यात ४४-४५ रोजचंच. दुरुस्ती मागच्या नोव्हेंबरमधेच केली होती पण तेव्हा मुद्दाम लिहिलं नाही, थंडीत कुठलीही गाडी थंडच राहते, मला नवतपा (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) जाऊ द्यायचा होता. आता पाऊस लागला, पेरण्या सुरू झाल्या, म्हणून सगळं सविस्तर सांगतो, कुणाचे तरी पैसे आणि इंजिन वाचेल.

सुरुवात मागच्या वर्षीच्या मे मधली. बाबांना अमरावतीला डॉक्टरांना दाखवून परत येत होतो, दुपारचे अडीच, एसी चालू. हायवेला काहीच त्रास नाही, टेम्परेचरचा काटा बरोबर मधे. अकोल्यात शिरलो, अशोक वाटिका चौकात अडकलो आणि चार-पाच मिनिटांत आधी एसीची हवा कोमट झाली आणि मग काटा वर सरकायला लागला. सिग्नल सुटला, गाडी पळाली की हवा परत गार आणि काटा परत खाली. टॉवर चौकात पुन्हा तेच, पण यावेळी काटा पार लाल रेषेजवळ. मागेपुढे गाड्या, बाजूला घ्यायला जागा नाही, मग एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर फुल सोडला. हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच असतो, इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि तेवढी उष्णता बाहेर निघते, त्यामुळे काटा थांबला. पण बाबा ७२ वर्षांचे, आधीच दवाखान्यातून थकून आलेले, त्या उन्हात त्यांच्या अंगावर हीटरची हवा. आरशात त्यांचा लालबुंद झालेला चेहरा दिसत होता आणि ते एक शब्द बोलले नाहीत. ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

पहिल्या गॅरेजमधे सांगितलं एसीचा गॅस कमी आहे. गॅस भरला, १८०० रुपये. आठवड्यात परत तेच, उलट जास्तच. मग म्हणाले थर्मोस्टॅट काढून टाकतो, पाणी सारखं फिरत राहील, गाडी गरम होणारच नाही. मला कळत नव्हतं, मी हो म्हटलं. हे कृपा करून कुणी करू नका. थर्मोस्टॅट हा साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडणारा व्हॉल्व्ह आहे, तो काढला की इंजिन सकाळी लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं. माझं मायलेज १६ वरून साडेतेरावर आलं, आणि उन्हात सिग्नलवर गाडी तरीही गरम व्हायचीच, कारण दुखणं तिथे नव्हतंच. पावसाळा असाच काढला, ऑक्टोबर हीटमधे पुन्हा दोनदा काटा वर गेला.

नोव्हेंबरमधे एका मित्राने जुन्या, वयस्कर मेकॅनिककडे नेलं, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांनी काही उघडलं नाही आधी. मला विचारलं, गरम कधी होते, उभी असताना की पळताना? मी म्हटलं उभी असताना, आणि एसी असेल तरच. मग बोनेट उघडून गाडी चालू ठेवली, एसी लावायला सांगितला आणि नुसते बघत उभे राहिले. मग म्हणाले, "भाऊ, एसी लावल्याबरोबर पंखा फिराले पायजे, हा तं फिरूनच नाई राह्यला."

मला वाटायचं पंखा तर चालतो, मी स्वतः ऐकलाय, मधेच भर्रकन सुटायचा. पण तीच तर गोम होती. माझ्या गाडीच्या पंख्याला दोन स्पीड आहेत. एसी लावला की हळू स्पीड लगेच सुरू व्हायला हवा, आणि मोठा स्पीड पाणी फार तापलं तरच. हळू स्पीडचा करंट एका रेझिस्टरमधून जातो आणि तो रेझिस्टर जळालेला. म्हणजे गाडी उभी असताना वाराच नाही, आणि शेवटी मोठा स्पीड सुरू व्हायचा तोपर्यंत उशीर झालेला. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो, एसी गाडीच्या आतली सगळी उष्णता तिथे आणून टाकतो, आणि त्यातून तापलेलीच हवा मागे रेडिएटरला मिळते. शिवाय कॉम्प्रेसर इंजिनवरच चालतो, तो लोड वेगळा. हायवेला समोरून वारा लागतो म्हणून तिथे सगळं ठीक. एसीची हवा आधी कोमट का व्हायची तेही कळलं, कंडेन्सर थंड होत नव्हता, प्रेशर वाढून कॉम्प्रेसर बंद पडायचा. त्यात पहिल्या गॅरेजने गॅस जास्त भरून ठेवलेला, तो चाचांनी कमी केला.

रेझिस्टर साडेसहाशेचा. मला वाटलं संपलं काम, पण चाचा म्हणाले बंपर उघडू. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जे निघालं ते मी हातात घेऊन पाहिलं. बारीक धूळ, मेलेली चिलटं आणि कापसाचे तंतू, सगळं मिळून जाड नमद्यासारखा थर, नखाने सोलला तर अख्खा पट्टा निघत होता. आपल्याकडे दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॅक्टरमागून आपण कितीदा जातो, ते सगळं वर्षानुवर्षं तिथे जाऊन बसतं. पुढून जाळीत बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसायचा, घाण त्याच्या मागे होती. वॉशिंगवाल्याचं पाणी तिथे पोचतच नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती पाण्याची. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा पूर्णेकाठचा भाग म्हणजे खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणी खारट. हे पाणी पिऊन इथल्या लोकांच्या किडन्यांचे काय हाल होतात ते आपण बघतोय, आणि तेच पाणी मी पाच वर्षं रेडिएटरमधे टाकत होतो. लेव्हल कमी दिसली की पेट्रोल पंपावरचा पोरगा पाइप लावायचा, बोअरचं पाणी. चाचांनी रेडिएटर सोडवून उपडा केला तर आतून विटकरी गाळ आणि नळ्यांच्या तोंडाशी पांढरी खपली. फ्लश करून अर्ध्या नळ्या सुद्धा मोकळ्या झाल्या नाहीत, मग नवाच टाकला, ४८०० चा. नवा थर्मोस्टॅट, रेडिएटरचं नवं झाकण, तयार मिक्स कूलंट (साध्या पाण्याऐवजी रेडिएटरमधे टाकायचं द्रव), मजुरी, सगळं धरून साडेनऊ हजार. झाकण साधं दिसतं पण बदलाच, त्याच्या प्रेशरमुळेच कूलंट १२० च्या वर जाईपर्यंत उकळत नाही, झाकण ढिलं असेल तर खूप आधी उकळून बाहेर येतं. आणि गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका, अर्धा-पाऊण तास थांबा.

त्याचबरोबर सातशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घेतला, स्टिअरिंगखाली पोर्ट असतं त्यात लावायचा, मोबाईलवर खरं टेम्परेचर दिसतं. हा घेतल्यावर कळलं की काट्यावर विसंबून राहणं किती धोक्याचं आहे. माझ्या गाडीत ८० असो की १०४, काटा मधेच उभा राहतो, आणि त्यापुढे मात्र झपकन वर जातो, म्हणजे काटा हलला तेव्हा आपण आधीच उशीर केलेला असतो. बऱ्याच नवीन गाड्यांत तर काटाच नाही, फक्त लाल दिवा. स्कॅनर स्वस्तातला आहे, कनेक्शन मधेच तुटतं, रात्री काढून ठेवावा लागतो नाहीतर थोडी थोडी बॅटरी खातो, पण तेवढं चालतं.

उन्हाळ्यातले आकडे असे. एसी चालू, हायवेला ९० च्या स्पीडला ८९ ते ९२. दुपारी शहरात, सिग्नलला पाच मिनिटं उभं राहून ९५ ते ९८, तिथून वर जात नाही. इंजिनात जाणारी हवाच उभ्या गाडीत ६० डिग्री दाखवत होती, तरी पाणी ९८. मे च्या शेवटी नवतप्यात चार माणसं आणि सामान घेऊन परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट एसी लावून चढलो, दुसऱ्या गिअरमधे, तेव्हा एकदा १०३ दिसलं. मी एसी बंद केला, दोन वळणांत ९७ आलं, परत लावला. पूर्वी मी घाटात एसी लावायची हिंमतच केली नसती. मायलेज परत साडेपंधराच्या पुढे आलंय. कूलंटची लेव्हल आठ महिन्यांत रेषेवरून हललेली नाही, दर रविवारी सकाळी थंड गाडीत बघतो.

तक्रार म्हणाल तर नव्या रेडिएटरची फिटिंग कंपनीच्या मूळ रेडिएटरइतकी नेमकी नाही, खालचा एक रबर बुश दोनदा निसटला, खड्ड्यात खडखड यायची, शेवटी तो जुन्याचाच काढून बसवला. आणि पंखा आता एसी असताना सारखा चालतो, त्याचा आवाज आत येतो. सुरुवातीला बायको म्हणाली हा कसला आवाज, तिला सांगितलं हाच आवाज वर्षभर यायला हवा होता.

मूर्तिजापूरच्या अलीकडे पंपावर थांबलो होतो गेल्या महिन्यात, पोराने सवयीने पाइप आणला, भाऊ पाणी टाकू का. मी डिकीतली कूलंटची बाटली दाखवली. त्याने विचारलं हे काय असतं, मग त्याला बोनेट उघडून टाकी, लेव्हलच्या दोन रेषा, सगळं दाखवलं. पुढच्या दिवाळीनंतर बंपर परत उघडून मधली फट साफ करून घेणार आहे, चाचांना आताच सांगून ठेवलंय.