खाटांचं वाटप: एक केंद्र की २४ वॉर रूम?

कोविडच्या सुरुवातीला मुंबईत रुग्णालयातल्या खाटेसाठी महापालिकेच्या १९१६ या एकाच हेल्पलाइनवर सगळा भार होता. एका केंद्राचा फायदा खरा आहे: शहरभरातल्या रिकाम्या खाटा एका नजरेत दिसतात, आदेश एकाच तोंडून जातो. पण रुग्ण वाढले की फोन लागत नाही, आणि पलीकडच्या माणसाला कुर्ल्यातली ती गल्ली कुठे आहे, रुग्णवाहिका आत जाईल का, हे ठाऊक नसतं.

जून २०२० मध्ये २४ प्रभागांत स्वतंत्र वॉर रूम, म्हणजे प्रभागाचे नियंत्रण कक्ष, सुरू झाल्या. प्रयोगशाळांचे अहवाल आधी पालिकेकडे, तिथून प्रभागनिहाय याद्या. मग वॉर रूममधूनच रुग्णाला फोन जायचा. लक्षणं विचारून खाट द्यायची की घरीच ठेवायचं, ते ठरायचं. घाबरलेल्या घराला दारोदार फिरावं लागू नये, ही यातली सर्वात मोठी गोष्ट.

उणीव अशी, की एका प्रभागात आयसीयू भरलं तर शेजारच्याकडे मागावं लागतं. सगळ्या प्रभागांतल्या रिकाम्या खाटा दाखवणारा सामायिक डॅशबोर्ड ताजा नसेल तर गोंधळच. म्हणून माझा कौल असा: खाटांची नोंद एकच, निर्णय मात्र प्रभागात. छोट्या नगरपालिकेला एक खोली पुरेल, फक्त खासगी रुग्णालयं आणि १०८ सेवा त्यात हव्यातच.