मागच्या स्प्रिंगमध्ये हवेच्या बॅगा: नऊ महिने, तेरा हजार किलोमीटर

सासुरवाडी निफाडकडे असली की डिकी रिकामी परत येत नाही. जाताना आम्ही पाच जण. येताना तेच पाच जण, शिवाय कांद्याची एक गोणी, हंगाम असेल तर द्राक्षांचे दोन-तीन क्रेट आणि सासूबाईंनी ‘थोडंसंच आहे’ म्हणून मागे सरकवलेलं काहीबाही. गाडी २०१९ ची, सात आसनी, सीएनजीवरची. म्हणजे ६० लिटरची टाकी मागे कायमची बसलेली. एवढं भरलं की गाडी मागून अशी दबायची, की सोसायटीच्या फाटकापाशी गतिरोधकावर तिरकी घातली तरी खाली खर्रकन घासायची. रात्रीचा ताप वेगळाच. शेपूट खाली गेलं की नाक वर येतं, त्यामुळे दिवे लोवर असूनही समोरचा प्रत्येक जण मला डिपर मारायचा.

हट्टाने टेप घेऊन मोजलं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत रिकामी असताना ३८.५ सेंटीमीटर, निफाडहून परतल्यावर ३१.

यावर उपाय तीन. जाड तारेच्या स्प्रिंगा टाकायच्या. पण मग रिकामी गाडी रोजच टणाटण उडणार, आणि माझी गाडी आठवड्यातले पाच दिवस रिकामीच नाशिकमधल्या अंबडला जाते-येते. दुसरा, स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबरी बफर अडकवायचे. स्वस्त, दहा मिनिटांचं काम. पण वेटोळं अडलं की स्प्रिंग तेवढी कायमची कडक होते, म्हणजे पुन्हा तेच. तिसरा म्हणजे स्प्रिंगच्या पोटात बसणारी हवेची बॅग. ओझं असेल तेव्हा हवा भरा, उतरलं की सोडा. मी ही तिसरी घेतली. दोन बॅगा, नळी, व्हॉल्व्ह, क्लॅम्प मिळून साडेआठ हजार.

मागवण्याआधी एक गोष्ट नीट करा: माप गाडी चाकांवर उभी असताना घ्या. स्प्रिंगचा आतला व्यास आणि आतली मोकळी उंची, दोन्ही. माझ्या गाडीत स्प्रिंगच्या आत वरून रबराचा गुटका लोंबतो, गाडी पूर्ण दबली की तो आपटतो. त्या गुटक्याची उंची वजा करूनच बॅग निवडायची. मी जॅकवर टांगलेल्या गाडीचं माप घेतलं होतं, त्यामुळे पहिली जोडी उंच निघाली आणि बदलून मागवावी लागली.

बसवायला दिवाळीनंतरचा रविवार धरला. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीचं पार्किंग, फरशी सपाट आणि पक्की. मदतीला मेहुणा. ‘दाजी, गॅरेजला का नाही देत?’ हे त्याने दिवसभरात चार वेळा विचारलं.

हॅन्डब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागची चाकं उचलली की त्या हॅन्डब्रेकवर गाडी थांबत नाही, हे माझ्या डोक्यात ऐनवेळी आलं. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये. जॅकने उचलून दोन स्टँड लावले, मगच चाकं काढली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

या गाडीला मागे सरळ बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा. स्प्रिंग वेगळी आणि उसळी जिरवणारा शॉकअप वेगळा. त्यामुळे स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार लागत नाही. बीमखाली दुसरा जॅक लावायचा, शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि जॅक हळूहळू सोडायचा. बीम खाली झुकला की स्प्रिंग हाताने निघते. बोल्टवर आदल्या रात्रीच डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं होतं, तरी डावा बोल्ट १७ नंबरच्या गोटी पान्याला दाद देईना. पाइप घालून दांडा लांब केला तेव्हा करकरत सुटला. बीम सोडताना नजर ब्रेकच्या रबरी नळीवर आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) वायरवर. त्यांना ताण आला की तिथेच थांबायचं.

बॅग म्हणजे कडक प्लास्टिकचा जाड नळकांडा. आतली हवा पूर्ण दाबून काढली, व्हॉल्व्हला टोपण लावलं की ती चपटी राहते. मग तिची पानाच्या सुरळीसारखी गुंडाळी करून स्प्रिंगच्या वेटोळ्यांमधून आत ढकलायची. पहिल्या दोन प्रयत्नांत ती अर्ध्यात उलगडून बाहेर आली. तिसऱ्यांदा साबणाचं पाणी चोपडलं आणि ‘फट्’ करून आत जाऊन बसली. स्प्रिंग परत ठेवताना तिचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेत बसलंय ना, हे बोटाने चाचपून बघा. नळी ब्लेडने सरळ कापायची. कात्रीने कापली की तोंड चपटं होतं आणि मग हवा गळते.

शेवटचं आणि बहुतेक जण विसरतात ते: शॉकअपचे खालचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच पक्के आवळायचे. टांगलेल्या अवस्थेत आवळले तर आतलं रबरी बुश पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. त्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे मोजून ताकद लावणारा पाना, शेजाऱ्यांकडून आणला.

सकाळी नऊला सुरू केलेलं काम साडेचारला संपलं. सरावलेल्या माणसाला यात अर्धा दिवससुद्धा लागू नये.

पहिलीच निफाड फेरी, दोन्ही बॅगांत हवेचा दाब २० पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप). परतल्यावर मोजलं तर ३५ सेंटीमीटर. म्हणजे गेलेल्या साडेसातपैकी चार परत मिळाले. गतिरोधक न घासता पार. समोरच्यांचं डिपर मारणंही जवळजवळ थांबलं. मामांनी (म्हणजे सासऱ्यांनी) गाडी मागून निरखली आणि म्हणाले, ‘मग आता अजून एक गोणी बसेल की!’ नाही, मामा. हे इथेही स्पष्ट लिहितो. बॅगेने गाडी वर उचलली जाते, वजन पेलायची ताकद वाढत नाही. बीम, बेअरिंग, टायर, ब्रेक सगळं तेच आहे. कंपनीने ठरवून दिलेलं एकूण वजन तेच राहतं. उलट गाडी दबलेली दिसत नाही, म्हणून जास्त भरण्याचा मोह होतो.

मग चूक कळली. किटमध्ये एक टी-जोड होता. दोन्ही बॅगांच्या नळ्या त्याला जोडून एकाच व्हॉल्व्हने हवा भरायची. सोपं वाटलं, तसंच बसवलं. एप्रिलमध्ये आईला घेऊन सप्तशृंगी गडावर निघालो. नांदुरीहून वर चढताना प्रत्येक वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला नेहमीपेक्षा जास्त कलंडायला लागली. आई म्हणाली, ‘बोटीत बसल्यासारखं वाटतंय रे.’ कारण साधं होतं. वळणावर बाहेरची बॅग दाबली जाते आणि नळी एकच असल्यामुळे तिच्यातली हवा आतल्या बाजूच्या बॅगेत पळते. जिथे आधार हवा तिथूनच तो निघून जातो. परतल्यावर टी काढून टाकला, दोन्ही बॅगांना वेगळी नळी आणि वेगळा व्हॉल्व्ह दिला. खर्च दोनशेच्या आत. त्यानंतर कसारा घाट तीनदा उतरलो-चढलो, बोट गेली. टी-जोड किटमध्ये येतोच कशाला, हा माझा प्रश्न आहे.

हवेची सवय लावून घ्यावी लागते. बॅग एवढीशी, की गेज लावला की मोजण्यातच एक-दोन पीएसआय निघून जातात. म्हणून दोन पीएसआय जास्त भरायचे आणि पुन्हा पुन्हा मोजत बसायचं नाही. पेट्रोल पंपावरच्या हवेने भरू नका, क्षणात मर्यादा ओलांडते. माझ्या किटच्या कागदावर कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३५ लिहिलंय. मी पायाने मारायचा छोटा पंप वापरतो, पंधरा-वीसदा पाय मारला की काम होतं. रिकामी गाडी चालवताना ७ वर ठेवतो. शून्यावर गेली तर बॅग वेटोळ्यांमध्ये चिमटते. जानेवारीत निफाडला मुक्काम केला होता. तिथली थंडी सांगायला नको. सकाळी दोन्ही बॅगा दीड-दोन पीएसआयने उतरलेल्या. गळती समजून साबणाचं पाणी लावत बसलो, एकही बुडबुडा नाही. उन्हं चढल्यावर आपोआप भरल्या.

खरी गळती जुलैत झाली. सिंहस्थासाठी शहरात जागोजाग रस्ते खोदले होते, त्यात पाऊस. एका संध्याकाळी गाडी डावीकडे झुकलेली. नळी बीमच्या कडेला घासून झिजली होती, चूक माझीच, तिथे केबल टाय लावलाच नव्हता. नवी नळी टाकली, वरून जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चढवला. सायलेन्सरपासून मात्र पहिल्यापासूनच वीतभर लांब ठेवली होती.

आणि एक अपेक्षाभंग. खड्ड्यानंतर गाडी मागून दोन-तीनदा डुलायची, ते बॅगांनी जाईल असं मला वाटलं होतं. डुलणं वाढलं. बॅग ही अखेर स्प्रिंगच. उसळी मारणं तिचं काम, उसळी जिरवणं शॉकअपचं. माझे शॉकअप ७० हजार किलोमीटरवर संपलेले होते, उजव्यावर तेलाचा ओघळसुद्धा होता आणि बसवताना तो मी पुसून टाकला होता! ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बदलले. तेच बोल्ट, तीच कसरत, पुन्हा अर्धा रविवार आणि मेहुण्याचा तोच प्रश्न. आधी शॉकअप बदलले असते तर १६ पीएसआयवरच भागलं असतं, कारण आता तेवढ्याच ओझ्याला मी १६ च्या वर जात नाही.

डाव्या व्हॉल्व्हचं टोपण दुसऱ्यांदा हरवलंय. सध्या तिथे मुलाच्या सायकलचं आहे.