राणीखेतचे कालिका चीडवन: नागपूरकरांनी मे महिन्याऐवजी दिवाळीत पाहावे

नागपूरहून उत्तराखंडच्या कुमाऊं भागातील राणीखेतला जाणारे बहुतेक लोक नवतपा टाळण्यासाठी मे महिन्यात निघतात आणि सहल कंपन्याही त्याच महिन्याच्या सहली आखतात. चीडवन, म्हणजे चीड या पाइन वृक्षाचे जंगल, पाहायचे असेल, तर हा काळ योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चिडाच्या वाळलेल्या सूचिपर्णांना कुमाऊंत पिरूल म्हणतात. उन्हाळ्यात या पिरुलाचा जमिनीवर जाड थर साचतो, राळेच्या अंशामुळे तो ठिणगी पडताच पेटतो आणि वणव्याच्या धुरात कित्येकदा समोरची हिमशिखरे दिसेनाशी होतात. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तेव्हा हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती आणि त्रिशूल (७,१२० मीटर) व नंदादेवी (७,८१६ मीटर) ही दोन्ही शिखरे सकाळी स्पष्ट दिसली.

राणीखेतजवळ कालिका येथे उत्तराखंड वनविभागाच्या संशोधन शाखेने २०२१ मध्ये सुमारे १३ एकरांच्या चीडवनात ‘फॉरेस्ट हीलिंग सेंटर’ सुरू केले. जपानमध्ये १९८२ पासून रुजलेल्या वनस्नानाच्या, म्हणजे जंगलात निवांत वेळ घालवण्याच्या, कल्पनेवर ते आधारलेले आहे. संथ चालणे, झाडाला मिठी मारणे, ध्यान करणे, उताणे पडून आकाश पाहणे, असे उपक्रम येथे आहेत. मनाला निवांतपणा निश्चित मिळतो; आरोग्यावरील परिणामांबद्दल मी काही दावा करणार नाही. मला अधिक मोलाचे वाटले ते माणसाने राखलेले, कामाचे जंगल इतक्या जवळून समजून घेणे.

आमच्यासोबतच्या स्थानिक वाटाड्याने हे जंगल मनापासून दाखवले. चिडाच्या एका जुडग्यात वीतभर लांबीच्या तीन सुया असतात, हे त्याने मुलांना हातात देऊन मोजायला लावले. येताना वाटेवरच्या चिडांवर त्याने लीसा, म्हणजे झाडातून पाझरणारा चिकट राळयुक्त रस, काढण्याच्या खुणा दाखवल्या: जाड साल तासून केलेला गुळगुळीत पट्टा, मधोमध उभी खाच, तिच्या दोन्ही बाजूंना तिरप्या रेघा आणि तळाशी शंकूच्या आकाराचे भांडे. या लीशाचे ऊर्ध्वपातन केले की टर्पेंटाइन मिळते आणि मागे राळ उरते. या उत्पन्नासाठी आणि इमारती लाकडासाठी इंग्रजांच्या काळापासून चिडाला झुकते माप मिळाले. चिपको आंदोलनानंतर, १९८१ मध्ये, या पहाडी भागात १,००० मीटरच्या वरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली. त्यामुळे आज दिसणारी उंच, सरळ झाडे ही त्या निर्णयाचीही देणगी आहे. वनविकास महामंडळाचे मुख्यालय आपल्या नागपुरातच असल्याने सागवानाच्या लागवडी आणि जाळरेषा (वणवा रोखण्यासाठी मोकळे ठेवलेले पट्टे) आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेल्या असतात. तीच शिस्त येथे तीव्र उतारावर, दुसऱ्या झाडासाठी कशी राबवली जाते, हे पाहताना मला फार आनंद झाला.

माझी तक्रार आहे ती नागपूरच्या ज्या सहल कंपनीकडे आरक्षण केले होते, तिच्या वेळापत्रकाबद्दल. जंगलासाठी तिने केवळ एक तास ठेवला होता आणि तोही दुपारच्या जेवणानंतर. आम्ही आग्रह धरून दुसऱ्या दिवसाची सकाळ मागून घेतली, म्हणून एवढे तरी पाहता आले. आरक्षण करतानाच हा भाग लेखी ठरवून घ्यावा, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

पिरुलावरून पाय सहज घसरतो, तेव्हा खोबणीदार तळव्याचे बूट आवश्यक आहेत, आणि गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी काठी न विसरता न्यावी. नागपूरहून दिल्ली, तेथून रेल्वेने काठगोदाम आणि पुढे सुमारे ८० किलोमीटरचा वळणावळणाचा घाटरस्ता असल्यामुळे पोहोचलेल्या दिवशी जंगलाचा बेत ठेवू नये. राणीखेतला किमान दोन रात्री मुक्काम करावा.