१२० दिवसांचा ‘आजीवन’ परवाना

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे आणि कुपवाडला वखार. दोन्हीकडच्या दिवाणजींना रिमोट डेस्कटॉपने (दुसऱ्या ठिकाणाहून सर्व्हर वापरण्याच्या विंडोजच्या सोयीने) एकाच सर्व्हरवरील टॅलीत काम करता यावे म्हणून आम्ही चौकशी केली, तेव्हा एका संगणक विक्रेत्याने त्यासाठी लागणारा ‘पन्नास जणांचा आजीवन परवाना’ साडेसहा हजारांत देऊ केला. इतर दोघांची कोटेशने याच्या कितीतरी पट होती. लुबाडणारे तेच आहेत असे आम्ही समजलो, हेही प्रांजळपणे नोंदवतो.

१० जूनला काम सुरू झाले. ८ ऑक्टोबरला सकाळी परवाना देणारा सर्व्हर उपलब्ध नसल्याचा संदेश पडद्यावर आला आणि दोन्हीकडचे काम ठप्प झाले. विक्रेत्याचा माणूस आला, आम्हाला खोलीबाहेर थांबवून दहा मिनिटांत ‘नूतनीकरण’ करून दोन हजार घेऊन गेला. आजीवन परवान्याला नूतनीकरण कसले, हे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. ५ फेब्रुवारीला पुन्हा तेच घडले, आणि या वेळी त्याने तीन हजार मागितले.

मार्चअखेरीस सीएंनी परवान्याचे बिल मागितले. आमच्याकडे होती जीएसटी क्रमांक नसलेली, ‘सर्व्हिस चार्ज’ एवढेच लिहिलेली पावती. तेव्हा पुतण्याने सर्व्हरवरील ‘आरडी लायसन्सिंग डायग्नोझर’, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचे परवाने तपासणारे साधन, उघडला, तर उपलब्ध परवान्यांपुढे शून्य. विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपची सेवा बसवल्यावर ती परवान्यांशिवाय १२० दिवस वापरण्याची मुदत मिळते. तो माणूस रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतील) त्या मुदतीची नोंद पुसत होता, की दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. परवाना म्हणून आम्ही काहीच विकत घेतलेले नव्हते.

रीतसर पद्धतीत प्रत्येक माणसामागे किंवा प्रत्येक यंत्रामागे एक आरडीएस कॅल (रिमोट डेस्कटॉप वापरण्याचा परवाना) आणि त्याशिवाय एक सर्व्हर कॅल (सर्व्हर वापरण्याचा परवाना) लागते. आमचे सात जण आळीपाळीने चारच संगणकांवर बसतात, त्यामुळे यंत्रागणिक चार घेऊन भागले. नव्या विक्रेत्याला निम्मी रक्कम आधी दिली आणि उरलेली, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात परवाने आमच्या फर्मच्या नावावर दिसल्यानंतरच.

४ जूनला जुन्या विक्रेत्याचा आपणहून फोन आला. “शेठ, उद्या नूतनीकरण करून घ्यायचं ना?”